उसना तळहात

सकाळी पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी मागच्या खोलीत उतरायची आणि बरोबर वैनींच्या मांडीपाशी येऊन थांबायची. त्या पट्टीत विभूतीचे कण संथ तरंगत असत, ओल्या बेलाचा हिरवा, किंचित उग्र गंध असे, आणि या सगळ्याच्या मध्यभागी असे वैनींचा डावा तळहात. त्यावर लहान लिंबाएवढं, काळंभोर, गुळगुळीत इष्टलिंग. उजव्या हाताच्या बोटांवरून पाण्याचा थेंब त्यावर ओघळे तेव्हा कसलाही आवाज होत नसे. भिंतीपलीकडे दुकानात मात्र त्याच वेळी शटर खडखडत वर जाई, कळश्या एकमेकींना लागून वाजत, कुणी झाडू मारता मारता खोकत असे, आणि उदगीरचा बाजार नेहमीसारखा जागा होई. वैनींची पापणीही हलत नसे. पूजा आटोपेपर्यंत त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा घराचा दंडकच होता.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, महानंदा. दादाचं भांड्यांचं दुकान, दुकानामागे दोन खोल्या आणि एक चिंचोळं अंगण, एवढाच आमचा संसार. आई-वडील लवकर गेले. दादानं मला वाढवलं, शिकवलं, आणि मी नांदेडला एका शाळेत विज्ञान शिकवू लागले. लग्न राहून गेलं ते गेलंच. वैनी बिदरकडच्या. मी सातवीत असताना त्या या घरात आल्या, तेव्हा त्यांना मराठी नीट बोलता येत नव्हतं आणि मला वेणी घालता येत नव्हती. आम्ही एकमेकींना शिकवलं. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं पटायचं, आणि भांडणही छान व्हायचं. भांडण झालं की त्या कानडीत बोलू लागत आणि मला निम्मंच कळे, त्यामुळे ते निम्म्यातच संपून जाई.

त्यांचा कान विलक्षण होता. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर भांड्यावर हलकेच वाजवून त्या सांगत, पितळ चांगलं आहे की भेसळीचं, बूड जड आहे की नुसतं दिसायला जड, कुठं केसाएवढी चीर गेली आहे. गिऱ्हाइकं दादाच्या बोलण्यावर नव्हे, वैनींच्या त्या एका टिचकीवर विश्वास ठेवत. भांडं खोटं बोलत नाही, त्या म्हणायच्या, माणूस बोलतो. आणि मागच्या खोलीत भाकरी थापत बसल्या तरी त्यांचा कान दुकानात असे. मधूनच भिंतीआडून त्यांचा आवाज येई, ‘ती घागर बाजूला ठेवा, चिरलीय ती!’ दादा घागर उलटीपालटी करून बघे, चीर सापडे, आणि तो गिऱ्हाइकासमोर मान डोलावून हसे.

आमच्याकडे देव देवळात थांबत नाही, अंगावर राहतो. लहानपणीच स्वामी घरी येऊन गळ्यात लिंग बांधतात. त्यानंतर ते जन्मभर उतरवायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, आणि रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. माणूस गेला की त्याला बसवून माती देतात, आणि तेव्हाही डाव्या तळहातावर तेच लिंग असतं. वैनींच्या गळ्यात लिंग बांधताना त्यांच्या माहेरच्या म्हाताऱ्या स्वामींनी कानात सांगितलं होतं, ‘तू याला सोडू नको, हा तुला सोडत न्हाई.’ वैनींच्या लेखी हा देवाचा शब्द होता. ज्वारीचं कणीस भरतं, तूर वाळते, चैत्रात पळस फुलतो, तशी ती गोष्ट होऊन चुकलेली होती; तिच्यावर त्या कधी बोलत नसत, की कुणाला पटवायला जात नसत.

मग दादा गेला. भर दुपारी, दुकानात, गिऱ्हाइकाला हंडा काढून देताना. वैनी आत ताक घुसळत होत्या. हंडा पडल्याचा आवाज साऱ्या गल्लीनं ऐकला. त्या आवाजाखालचा दुसरा आवाज फक्त त्यांनी ऐकला. त्या धावत बाहेर आल्या तेव्हा गिऱ्हाईक हंडा उचलत होतं आणि दादा उठत नव्हता. मी नांदेडहून बसनं निघाले. कंधार मागे पडेपर्यंत मी देवाला सांगत होते, की एवढं एक माझं माणूस राहू दे, मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. मी पोहोचले तेव्हा दादा भिंतीला टेकून बसवलेला होता, कपाळभर विभूती, आणि तळहातावर लिंग. त्याचाही देव त्याच्याबरोबर निघाला होता. मला त्या लिंगाचा भयंकर राग आला. आयुष्यभर छातीशी बांधून घेतलेलं, आणि ऐन वेळी त्याच्याच छातीत काय चाललंय ते याला कळलं नाही? माती देऊन आल्यावर मी माझ्या गळ्यातला दोरा तोडला, लिंग रुमालात गुंडाळलं, आणि नांदेडला गेल्यावर कपाटातल्या स्टीलच्या डब्यात ठेवून दिलं.

वैनींनी माझा रिकामा गळा पाहिला. त्यांची नजर तिथं क्षणभर थांबली आणि खाली गेली. ‘जेवून घे, इमल,’ एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उन्हाची पट्टी मांडीशी आली तेव्हा त्या त्यांच्या जागी बसलेल्या होत्या, ओला पांढरा पदर डोक्यावर, आणि डावा तळहात पुढे. ‘बा अप्पा, बा,’ त्या नेहमीप्रमाणे पुटपुटल्या. ये बाबा, ये. माहेरी वडिलांना बोलवावं तशी ती हाक. मी दारात उभी होते आणि मला त्या बाईचा हेवा वाटला, रागही आला.

दुकान शिवराजनं चालवायला घेतलं; तो आमच्या भावकीतला, भला माणूस, पण कानानं बहिरा म्हणावा इतका भांड्यांच्या बाबतीत अडाणी. वैनी भिंतीआडून त्याला ओरडत राहिल्या आणि त्याचं दुकान नीट चाललं. असं दोन वर्षं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी त्यानं नव्या मालातली एक कळशी ओट्यावर ठेवली. ती बद्द वाजली. इतकी, की त्यालाही कळलं. तो वाट बघत राहिला. आतून आवाज आला नाही. आणखी एकदा वाजवली, तरी नाही. तेव्हा तो धावत आत गेला. वैनी न्हाणीच्या दारात पडल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, डावं अंग निर्जीव.

लातूरच्या दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा त्यांना मशीनमध्ये तपासायला नेत होते. गळ्यातलं सगळं काढा, धातू चालत नाही, असं मला सांगितलं गेलं. मी लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट त्यांच्या गळ्यातून काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. घाईत होते, शिवाय माझ्या दृष्टीनं ती आता एक डबीच होती. त्यांना शुद्ध आली ती दुसऱ्या दिवशी. उजवा हात हळूहळू उचलून त्यांनी छातीवर ठेवला, चाचपला, पुन्हा चाचपला. साठ वर्षांत पहिल्यांदा तिथं काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत जी भीती मी तेव्हा पाहिली ती दादाच्या वेळीही पाहिली नव्हती. मी घाईघाईनं पर्स उघडली. किल्ल्या, बसची तिकिटं, अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा, आणि त्यांच्यामध्ये वैनींचा देव. आता ही बाई मला काय म्हणेल, या विचारानं मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. वैनींनी डबी गालाला लावली. वाकड्या झालेल्या तोंडातून शब्द फुटायला वेळ लागला. ‘तुझ्याकडं व्हता न्हवं,’ त्या म्हणाल्या, ‘मग झालं.’

खरी पंचाईत घरी आल्यावर झाली. त्यांचं बोलणं बरंच सुधारलं, उजवं अंग धड होतं, पण डावा हात कोपरात दुमडून छातीशी आला आणि त्याची मूठ घट्ट वळली. ज्या तळहातावर देव बसायचा तोच बंद झाला. मी उजव्या तळहातावर लिंग ठेवून पाहिलं. मग पाणी कुठल्या हातानं घालायचं? चंदनी पाट आणला. चांदीचं तबक आणलं. ‘ताटात माणसं जेवतेत,’ वैनी म्हणाल्या, ‘देव बसत न्हाई.’ आणि पूजा झाली नाही म्हणून त्या जेवल्या नाहीत. डॉक्टरांच्या गोळ्या जेवणानंतरच्या. एक दिवस गेला, दुसरा गेला, दुधाचा घोटही नाही. मी समजावलं, रडले, मग भडकले. तिसऱ्या सकाळी मी त्यांच्या मागे जाऊन बसले, माझा डावा हात त्यांच्या बगलेखालून पुढे घातला, त्यांची मूठ माझ्या मनगटावर टेकवली आणि माझा तळहात त्यांच्या मांडीवर, उन्हाच्या पट्टीत, उघडा धरला. ‘हा घ्या हात. तुमचाच समजा. पण आज जेवला नाहीत तर मी नांदेडला निघून जाईन आणि परत येणार नाही.’

दुसऱ्याच्या तळहातावर आपलं लिंग, तेही जिनं स्वतःचं उतरवून ठेवलंय तिच्या. हे चालतं का, हे विचारायला वैनींनी शिवराजला इथल्या स्वामींकडे पाठवलं. स्वामी आले, त्यांनी आम्हा दोघींकडे बघून डोकं खाजवलं. ‘शास्त्रात काय हाय ते मला बघावं लागंल,’ ते म्हणाले. ‘तवर उपाशी ठेवू नका.’ शास्त्रात बघून सांगायला ते पुन्हा कधी आले नाहीत. आम्हीही विचारलं नाही.

तेव्हापासून तीन वर्षं मी रोज सकाळी वैनींच्या पाठीशी बसले. शाळेची उरलेली नोकरी सोडली, नांदेडच्या खोलीला कुलूप घातलं. समोर काय चाललंय ते मला दिसत नसे. मला दिसे त्यांच्या मानेवरचा पांढरा बुचडा, कानामागची एक जुनी भाजल्याची खूण, आणि पदराखालून बाहेर आलेलं पाठीचं हाड, जे दर ऋतूत थोडं अधिक वर येत होतं. बाकी सगळं तळहाताला कळे. आधी लिंगाचा थंड स्पर्श, मग पाण्याचे थेंब, मग विभूतीची कोरडी भुकटी, मग बेलाचं पान, त्याची देठाकडची टोचणी. त्यानंतर काहीच नाही. वैनी नुसत्या बघत बसत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. माझा हात खांद्यापासून बधिर होई. हिवाळ्यात उन्हाची पट्टी त्यांचा गुडघा ओलांडून माझ्या करंगळीपर्यंत येई आणि तेवढंच एक बोट ऊबदार होई. उन्हाळ्यात ती भिंतीकडे सरके आणि आम्ही दोघी तिच्यामागे पाट सरकवत जात असू.

‘तुमचा देव जड झालाय,’ मी एकदा कुरकुरले.

‘देव हाय तेवढाच हाय. तूच बारीक झालीस. खात जा.’

पूजा झाली की मी त्यांची मूठ सोडवायला बसे. कोमट पाण्यात हात बुडवायचा, एकेक बोट हळूहळू उचलायचं, आत ओलं फडकं फिरवायचं, आणि नखं रुतू नयेत म्हणून कापडाची गुंडाळी सरकवून द्यायची. दादाच्या जुन्या पांढऱ्या सदऱ्याचे मी तसे तुकडे करून ठेवले होते. बोटं अर्ध्या इंचाच्या वर येत नसत. जास्त ओढलं की वैनींच्या कपाळावर घाम फुटे. लातूरच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, की ही मूठ आता उघडायची नाही. मी ते वैनींना सांगितलं. विज्ञानाची शिक्षिका होते मी. मेंदूतली नस, स्नायूंचं आखडणं, सगळं चित्र काढून समजावलं. त्यांनी शहाण्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं.

‘उघडल,’ त्या म्हणाल्या.

‘वैनी, आत्ता सांगितलं ना मी?’

‘सांगितलंस की. पण त्याची जागा हाय ती. कवा उघडायची ते त्याला ठावं.’

एवढ्या एका गोष्टीवर त्या अडून बसल्या होत्या. चालता येईल, दुकानात जाऊन बसता येईल, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. दादाला परत मागितलं नाही. मरायच्या आत एकदा आपल्या स्वतःच्या तळहातावर अप्पाला बसवायचं, एवढंच. आणि रोज सकाळी डोळे उघडल्यावर त्या पहिल्यांदा त्या मुठीकडे बघत, पाहुणा येणार असलेल्या दाराकडे बघावं तसं. मूठ मिटलेली असे. मग त्या मला हाक मारत.

एकदा माझा तोल गेला. श्रावणातला दिवस होता, बाहेर पाऊस लागून राहिला होता, उन्हाची पट्टी नव्हतीच. वैनी मुठीकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे. ‘तुमच्या देवानं शब्द मोडलाय,’ मी म्हणाले. ‘सोडणार नाही म्हणाला होता ना? दादाला सोडलं. तुमचं अर्धं अंग सोडलं. अजून काय सोडायचं राहिलंय?’ बोलून गेले आणि जीभ चावली. पत्र्यावर पाऊस वाजत होता, आणि सगळे आवाज ओळखणारी ती बाई तो आवाज ऐकत बसली होती. मग म्हणाल्या, ‘सुख देतो म्हणून कुठं म्हणला व्हता? सोडत न्हाई म्हणला व्हता.’ आणि खालच्या आवाजात, ‘आन् सोडलं असतं तर तुझा हात कुठनं आला असता?’

मला या बोलण्याची चीड आली. माझा हात मी दिला होता, रागानं, नाइलाजानं, त्यांच्यावरच्या मायेनं. त्याचंही श्रेय याच देवाला? मी उठून अंगणात गेले आणि उगीचच भांडी घासत बसले. पण दुसऱ्या सकाळी हात पुढे केला.

त्या काही कुठल्या चित्रातल्या संत नव्हत्या. एका सकाळी लिंग माझ्या तळहातावर होतं, बेल वाहून झाला होता, आणि पाठीमागून मला दिसलं की त्यांचे खांदे हलताहेत. आवाज नव्हता. तळहातावर कोमट थेंब पडले, लोटीतलं पाणी तर गार होतं. मी हलले नाही. हलणार कुठं, हात त्यांच्यापाशी अडकलेला. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, ‘लई दिस झाले इमल, त्यो काई बोलंना.’ ज्या देवाशी मी स्वतः अबोला धरला होता त्याची बाजू मी कशी घ्यायची? मी फक्त हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली. नाक ओढून त्यांनी पदरानं डोळे पुसले. ‘न बोलंना का,’ त्या म्हणाल्या. ‘बसलाय न्हवं.’ आणि विभूतीची डबी बंद केली.

त्या दिवशी मी त्यांची मूठ पुसत असताना त्यांनी माझा डावा तळहात उजव्या हातात घेतला. तीन वर्षांच्या विभूतीनं त्याच्या रेषा पांढुरक्या झाल्या होत्या. ‘माझी मूठ उघडली की ह्यो मोकळा व्हईल,’ त्या म्हणाल्या. ‘मग रिकामा नको ठेवू.’ माझ्या गळ्याबद्दल त्या आयुष्यात एवढंच बोलल्या. मी विषय बदलला. शिवराज दुकानात काहीतरी आपटत होता त्याच्यावर ओरडले.

चैत्र लागला. किल्ल्याकडच्या रानात पळस पेटले होते, दुपारचा वारा पत्रा तापवून आत येत होता. त्या सकाळी उन्हाची पट्टी आली आणि हाक आली नाही. मी चहा ठेवला होता. थोडी वाट पाहिली, मग आत डोकावले. वैनी कुशीवर होत्या, अंगावर चादर, उजवा हात छातीवरच्या डबीवर. चेहरा सरळ झाला होता. तीन वर्षं वाकडं असलेलं तोंड सरळ पाहून मला क्षणभर वाटलं, बऱ्या झाल्या. मग कळलं. मी तिथंच खाली बसले आणि चहा उतू जाऊन गॅस विझेपर्यंत बसून राहिले.

शिवराज आला, भावकी आली, स्वामी आले. बायकांनी वैनींना न्हाऊ घातलं, पांढरं लुगडं नेसवलं, भिंतीला टेकवून पाटावर बसवलं. स्वामींनी कपाळाला, दंडांना विभूती लावली, डबीतून लिंग काढलं, आणि तिथं सगळे अडले. डावा हात लुगड्यात दुमडलेला, मूठ पदराखाली. सगळ्या गल्लीला ती मूठ ठाऊक होती. ‘वरनं कापडानं बांधू,’ एकजण म्हणाला. ‘जरा जोर लावला तर?’ दुसरा म्हणाला. स्वामींनी माझ्याकडे पाहिलं. शास्त्रात बघून यायचं राहिलं होतं त्यांचं, ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं.

‘कुणी हात लावू नका,’ मी म्हणाले. ‘मी बघते.’

रोजच्या सवयीनं मी वैनींच्या मागे जायला निघाले, पण मागे भिंत होती. म्हणून देवाच्या कामाला प्रथमच समोर बसले. पदर बाजूला केला, माझा डावा तळहात त्यांच्या मुठीखाली धरला आणि उजव्या हातानं पहिलं बोट उचललं. ते आलं. दुसरं आलं. मी ओढत नव्हते. नुसतं सांगत होते आणि ती येत होती. दादाच्या सदऱ्याची गुंडाळी माझ्या तळहातावर घरंगळली. आणि वैनींची मूठ उघडली. आतला तळहात मी तीन वर्षांत पूर्ण पाहिलेला नव्हता. ऊन न लागल्यानं तो तान्ह्या मुलाच्या हातासारखा गोरा आणि मऊ झाला होता, नखांच्या चार फिकट खुणा, आणि सगळ्या रेषा जशाच्या तशा.

मला ठाऊक आहे. मरणानंतर थोडा वेळ स्नायू सैल पडतात, मग ताठरतात. हे पुस्तकात आहे, आणि मी ते वाचलेलं आहे. घटकाभर उशीर झाला असता तर कदाचित ती उघडली नसती. हे सगळं त्या क्षणीही माझ्या डोक्यात होतं, आणि तरी मी ढसाढसा रडत होते, कारण त्या म्हणाल्या होत्या उघडल, आणि उघडली होती, आणि ते बघायला त्या नव्हत्या. तीन वर्षं ज्या दाराकडे डोळे लावून बसावं, ते उघडावं तेव्हा घरात कुणी असू नये, हा कसला शब्द पाळणं? की तेव्हाच त्या खऱ्या घरात होत्या, आणि बाहेर होते ते आम्ही? मला सांगता येत नाही.

स्वामींनी लिंग पुढे केलं. ते त्यांनीच ठेवायचं, तसा रिवाज. पण ते थांबले आणि त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी ते त्या गोऱ्या तळहाताच्या खळग्यात ठेवलं. काहीतरी म्हणायला हवं होतं. मंत्र मला येत नव्हते, येत असलेले विसरले होते. तोंडातून आपोआप आलं ते त्यांचंच, माझ्या कच्च्या कानडीत, ‘बा अप्पा, बा.’ पलीकडे दुकानात त्या दिवशी शटर उघडलंच नाही.

माती देऊन परतल्यावर मी नांदेडला गेले. खोलीला धुळीचा वास येत होता. खिडकीतून दिसणाऱ्या गोदावरीला चैत्रातलं बेताचं पाणी. कपाटातल्या डब्यात रुमाल तसाच होता. पाच वर्षं मी त्याला अंधारात ठेवलं होतं, आणि तो होता तिथंच बसलेला होता. मी तो घेऊन उदगीरला परत आले. विश्वास बसला असं मी म्हणणार नाही. माझा त्याच्याशी हिशेब अजून बाकी आहे, दादाचा तर आहेच. पण बसलाय न्हवं, एवढं मी मान्य करते.

हल्ली सकाळी मी मागच्या खोलीत बसते. शिवराजच्या दुकानातून कधी एखादी चिरलेली कळशी बद्द वाजते; तो थांबतो, मीही थांबते, मग तो पुढच्या कामाला लागतो. वैनींचा पाट मी उचलून ठेवलेला नाही. त्याच्या मागे, माझ्या नेहमीच्या जागी बसते आणि हात रिकाम्या पाटावरून पुढे घालते, उन्हाची पट्टी येते तिथं. खांद्याला अजून तीच सवय आहे. टेकायला कुणी नाही म्हणून हात आता लवकर दुखतो. तीन वर्षं वैनी मधे होत्या म्हणून देव मला दिसला नाही. आता मधे कुणी नाही, तळहातावरचा तो स्वच्छ दिसतो. आणि तरी रोज सकाळी मला आधी दिसते ती त्यांची पाठ.